कापूस न पिकवणारे कापडाचे गाव



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाचे आणि ज्वारीचे बोलायचे सोडून हे सातासमुद्रापलीकडचे काय काढले, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण आधी शेवटपर्यंत वाचा.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला अँडीज नावाची डोंगररांग आहे. तिच्या कुशीत इक्वेडोर हा छोटा देश. त्याची राजधानी कीटो. कीटोहून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, इंबाबुरा नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी ओतावालो हे गाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दीडपट. विषुववृत्त अगदी जवळून जाते, तरी रात्री घोंगडी लागते. गावाची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, भोवतालच्या वाड्यावस्त्या धरल्या तर लाखाच्या वर. त्यांत निम्म्याहून अधिक किच्वा लोक, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासून त्या मातीत राहणारे. आपल्याकडे ज्यांना आपण आदिवासी म्हणतो, तसे. ते स्वतःला रुना म्हणतात. रुना म्हणजे माणूस. एवढाच अर्थ.

आता मुद्द्याचे. एवढ्या उंचीवर, एवढ्या थंडीत कापूस पिकत नाही. ओतावालोच्या शिवारात कपाशीचे एक बोंड कधी फुटले नाही. आणि तरीही पाचशे वर्षांहून अधिक काळ हे गाव कापडावर जगत आले आहे. त्यांनी विणलेले पोंचो, शाली, पट्टे, गोधड्या कोलंबियात विकल्या गेल्या, न्यूयॉर्कात विकल्या गेल्या, युरोपच्या फुटपाथवर विकल्या गेल्या. विकणारा ओतावालोचाच माणूस. डोक्यावर टोपी, पाठीवर लांब वेणी, पायांत दोरीच्या चपला. आणि आपण? पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणारे आपण दुकानात सदऱ्याची किंमत विचारतो आणि मुकाट बाहेर येतो.

आम्ही ओतावालोला गेलेलो नाही, जाण्याची ऐपतही नाही. जे गेले, राहिले आणि ज्यांनी लिहून ठेवले त्यांचे वाचून आम्ही बोलतो आहोत. पण वाचताना सारखे वाटत राहिले, की हे आपल्या माणसांपर्यंत पोहोचले पाहिजे.

आदिवासी म्हटले की आपल्या देशातल्या शहाण्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, बिचाऱ्यांना सुधारले पाहिजे, शिकवले पाहिजे, त्यांची भाषा आणि वेष सुटला की त्यांचे भले होईल. दुसरा पंथ म्हणतो, त्यांना हात लावू नका, त्यांची संस्कृती काचेच्या पेटीत ठेवा, पैशाचा विटाळ तिला होऊ देऊ नका. दोन्ही पंथांचे एका गोष्टीवर एकमत असते. आदिवासीने स्वतःचा माल स्वतःच्या भावाने विकावा, असे दोघांनाही सुचत नाही. ओतावालोचा इतिहास या दोन्ही पंथांना खोटे ठरवतो. पुरता नव्हे, पण बराचसा. जिथे ठरवत नाही तेही आम्ही सांगणार आहोत.

माग तोच, बाजार गेला

स्पॅनिश लोक येण्याच्या आधी, आणि त्यांच्या थोडे आधी दक्षिणेकडून इंका राजांची फौज आली तिच्याही पूर्वीपासून, या डोंगरात मिंदाला नावाचे व्यापारी होते. खालच्या उष्ण खोऱ्यांत कापूस पिकायचा. तो वर यायचा, डोंगरातल्या बाया-बापे तो कातायचे आणि कमरेच्या मागावर विणायचे. कमरेचा माग म्हणजे ताण्याचे एक टोक खुंटाला आणि दुसरे विणणाराच्या कमरेच्या पट्ट्याला. माणूस मागे रेलला की ताणा ताठ होतो. ना चौकट, ना खर्च. हे कापड, मीठ, मणी, कोकाची पाने असा माल घेऊन मिंदाला लांबलांबच्या मुलखात जायचे. त्यांचा मान मोठा होता. सरदाराला ते मालाच्या रूपाने देणे द्यायचे, त्यांच्यावर वेठ नव्हती.

१५३४ साली स्पॅनिशांनी कीटोत ठाण मांडले आणि ओतावालोच्या माणसांना दोन गोष्टी कळल्या. एक, मेंढी नावाचे जनावर असते आणि तिच्या लोकरीचे कापड होते. दुसरी, आपण विणलेले कापड आपले नसते. ओब्राहे नावाचे कारखाने निघाले. वेठीवर आणलेली माणसे, पोरेसोरेसुद्धा, तिथे कोंडून कामाला जुंपली जायची. एकेका ओब्राहेत शेकडो हात राबायचे. पळाला तर फटके, काम कमी भरले तर फटके. कापड निघायचे ते पेरूच्या शहरांकडे आणि खाणींच्या गावांकडे. तेच हात, तेच कसब, मागही चांगला पायाचा आला. बाजार तेवढा गेला. ज्यांच्या आजोबांना राजेसुद्धा वेठीला धरत नव्हते, त्यांचे नातू आपल्याच कापडाच्या ढिगाशेजारी उघडे झोपू लागले.

हा मुद्दा आम्ही अधोरेखित करतो. कारागिरी नसल्यामुळे दारिद्र्य आले नाही. अडाणीपणामुळे आले नाही. आळसामुळे तर नाहीच. विकण्याचा हक्क गेला, त्यामुळे आले.

लोक गप्प बसले असेही नाही. १७७७ साली सरकारने शिरगणती काढली. आपल्या पोराबाळांवर नवा कर बसणार या धास्तीने ओतावालोचा सगळा मुलूख उठला. सरकारने तो उठाव मोडून काढला. सरकार मोडून काढतेच.

पुढे कारखाने मोडकळीला आले, १८२२ साली स्पॅनिश राज्य गेले, बोलिवारने १८२९ साली ओतावालोला शहराचा दर्जाही दिला. रुनाच्या पदरात त्यातले काय पडले? खोऱ्यातली पाणथळ, काळी, सपाट जमीन हासिएंदांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या वाड्यांच्या ताब्यात गेली होती. रुना डोंगरउतारावर ढकलला गेला होता. कर्जापायी जो हासिएंदात बांधला जायचा, त्याला राबण्याच्या बदल्यात झोपडीपुरता तुकडा मिळायचा. त्याला वासिपुंगो म्हणत. वासी म्हणजे घर, पुंगो म्हणजे दार. दाराएवढी जमीन! आपल्याकडच्या जुन्या सालगड्याला ही पद्धत समजावून सांगायची गरज पडणार नाही. इक्वेडोरच्या कायद्याने ती बंद केली १९६४ साली. म्हणजे आपल्यातल्या म्हाताऱ्यांच्या हयातीतली गोष्ट आहे ही.

गावातल्या बिगर-रुना लोकांची वागणूक कशी होती, त्याचा एक नमुना सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रस्त्याने चाललेल्या रुनाची टोपी किंवा पोंचो कोणीही सरकारी हस्तक हिसकावून घ्यायचा. परत पाहिजे असेल तर चल, रस्ता झाड, दगड उचल. काम झाले की पोंचो परत. दुसरा नमुना बाजाराचा. डोंगरातल्या गावांच्या वेशीवर दलाल बाया पहाटेपासून उभ्या असायच्या. बाजाराकडे निघालेल्या रुना बाईच्या पाठीवरचे गाठोडे ओढायचे, हातात चार नाणी कोंबायची आणि माल घेऊन चालते व्हायचे. बाजारात पोहोचण्याच्या आधीच सौदा झालेला! हे वाचून आम्हाला हसू आले आणि मग हसू आल्याची लाज वाटली. आपल्याकडे १९७२ पासून पुढची जवळपास तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदी होती. राज्याच्या सीमेवर नाके होते. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी पलीकडे नेता येत नव्हती. गाठोडे ओढणारी बाई निदान समोर तरी उभी असायची.

एका मागाची गोष्ट

मग वारे फिरले कसे? सरकारने योजना आणली म्हणून नव्हे.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, ओतावालोजवळच्या किंचुकी या वाडीतल्या होसे काहास नावाच्या विणकराला जमीनदाराच्या घराण्यातल्या एका माणसाने पायाचा माग दिला आणि विलायती सुटाच्या कापडाचा नमुना पुढे ठेवला. असे कापड करून देशील का? काहासने करून दिले. हुबेहूब, आणि विलायतीपेक्षा कितीतरी स्वस्त. कीटोतल्या कारकुनांना आणि दुकानदारांना सूट हवे होते आणि विलायती कापड परवडत नव्हते. गिऱ्हाईक तयारच होते. काहासचे पाहून भाऊबंद शिकले, भाऊबंदांचे पाहून शेजारची वाडी शिकली. पेगुचे, इलुमान, अगातो, एकेक वाडी मागाच्या आवाजाने घुमू लागली.

यात दोन गोष्टी घडल्या नाहीत, त्या आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. विणकर कारखान्यात मजुरीला गेला नाही, माग घरात राहिला. आणि कापड दलालाच्या स्वाधीन झाले नाही. घरातलेच कोणीतरी गाठोडे पाठीला मारून निघाले. आधी कीटोला, मग १९४० च्या दशकात सरहद्द ओलांडून कोलंबियाला, मग आणखी पुढे. जुना मिंदाला जणू झोपेतून उठला.

मिळालेल्या पैशाचे त्यांनी काय केले? जमीन घेतली. ज्या हासिएंदांनी त्यांच्या वाडवडिलांना डोंगरावर हाकलले होते, त्यांच्याच जमिनीचे तुकडे रोख पैसे मोजून विकत घेतले. विणकर झाला तरी त्याला मक्याचे शेत पाहिजे होते. आम्ही तर म्हणू, मक्याच्या शेतासाठीच तो विणकर झाला. शेतीच्या उत्पन्नातून कारखाने निघाल्याच्या गोष्टी आपल्याला लहानपणापासून ऐकवतात. घामाच्या पैशाने शेत सोडवून आणणाऱ्यांची गोष्ट कोणी ऐकवत नाही.

पेगुचेच्या रोसा लेमा या बाईंचे नाव इथे घेतले पाहिजे. विणकाम आणि व्यापार करणारी किच्वा बाई. एका अमेरिकन विदुषीने पेगुचे गावावर पुस्तक लिहिले, ते १९४५ साली निघाले, त्यात या बाईंच्याच घरची माहिती मोठ्या प्रमाणात आहे. १९४९ साली राष्ट्राध्यक्ष गालो प्लासा यांच्या सरकारने त्यांना सदिच्छा भेटीसाठी अमेरिकेला पाठवले. अनाको नावाचे लुगडे नेसून, गळ्यात सोनेरी मण्यांचे सर घालून त्या न्यूयॉर्कला उतरल्या. रुना लिहूवाचू शकत नाही म्हणून त्याला देशात मत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट! मतासाठी साक्षरतेची अट इक्वेडोरने काढली १९७९ च्या घटनेने. देशाची शोभा म्हणून परदेशी मिरवायला किच्वा बाई चालत होती, मतपेटीजवळ चालत नव्हती.

१९७० च्या दशकात शनिवारच्या बाजारासाठी एका डच वास्तुशिल्पी बाईने सिमेंटच्या छत्र्या असलेले आवार बांधून दिले. त्याला पोंचोंचा चौक म्हणतात. शनिवारी पहाटे गावाच्या कडेला आधी जनावरांचा बाजार भरतो, गाई, डुकरे, मेंढ्या, पिंजऱ्यातले गिनीपिग, आणि उन्हं वर आली की पोंचोंचा चौक फुलतो. १९८० नंतर तरुण पोरे युरोपात पोहोचली. एक पोरगा फुटपाथवर बांबूच्या नळ्यांची बासरी वाजवणार, दुसरा बाजूला चादर पसरून शाली विकणार. ना निर्यात मंडळ, ना परवाना, ना अनुदान.

वेणी का टिकली

आता संस्कृतीचे. शहाण्यांना वाटते, पैसा आला की संस्कृती जाते. ओतावालोत उलटे झाले. डोंगरातल्या कितीतरी गावांत गरिबीने कंबर मोडल्यावर पुरुषांनी वेणी कापली, पोंचो टाकला, किच्वा विसरले आणि शहरात हमाल झाले. रुना म्हणून ओळखले जाणे त्यांना परवडत नव्हते. ओतावालोच्या माणसाने वेणी ठेवली. शिंबा म्हणतात तिला. पांढरी विजार, निळा पोंचो, बायकांचे भरतकामाचे पांढरे झंपर आणि कमरेचा विणलेला पट्टा, हे सगळे त्यांनी विमानात नेले. त्यांच्यापाशी पैसे होते, म्हणून त्यांना लाज वाटली नाही. हे वाक्य कठोर वाटेल, पण खरे आहे. पारंपरिक वेष टिकवायला स्वाभिमान लागतो आणि स्वाभिमानाला गाठीला चार पैसे असावे लागतात.

आणि हा नुसता बाजारी देखावा नाही. मक्याचे पीक घरात येते तेव्हा, जूनच्या अखेरीस, इंती रायमी म्हणजे सूर्याचा सण. आदल्या रात्री लोक पेगुचेच्या धबधब्याखाली जाऊन थंडगार पाण्यात अंघोळ करतात, मग दिवसच्या दिवस घराघराच्या अंगणात फेर धरून नाचतात. दोन बाजूंना दोन तोंडे असलेला आया उमाचा मुखवटा पुढे असतो. सप्टेंबरात सात जातींच्या मक्याचे यामोर नावाचे पेय शिजते. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा ही त्यांची जुनी रीत, आपण ज्वारीत तूर घेतो तशी. मका उकडून खातात, भाजून खातात, आंबवून पितात. ज्याच्या घरात हुरडा, लाह्या, भाकर आणि आंबील एकाच धान्याची होते, त्याला हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरच्या दोन तारखेला मेलेल्यांच्या थडग्यांवर जेवण मांडून सगळे कुटुंब तिथेच बसून जेवते. आपल्याकडे पितरांचे पान वाढतात, त्याचीच ही दूरची भावकी. चारी बांधायची, रस्ता करायचा, कोणाचे घर उभे करायचे तर सगळी वाडी येते, त्याला मिंगा म्हणतात. आपला इर्जिक.

काही विद्वान नाक मुरडतात. म्हणतात, ओतावालोचे कापड आता अस्सल राहिले नाही. लोकरीच्या जागी गिरणीचा कृत्रिम धागा आला, कमरेच्या मागाच्या जागी विजेचा माग आला, नक्षी दुसऱ्यांच्या देशांतली उचलली. होय, उचलली. काहासने विलायती कापड उचलले होते तेव्हापासून उचलतात. गिऱ्हाइकाला जे हवे ते विणणे हीच त्यांची परंपरा आहे. कमरेच्या मागावर महिनाभर बसून एक पोंचो विणायचा आणि आठवड्याची मजुरीही सुटायची नाही, ही परंपरा विद्वानांनी स्वतःच्या घरी चालवावी.

इथे थांबलो तर ही गोष्ट फार गोड होईल. तेवढी गोड ती नाही.

पैसा आला तो सगळ्यांच्या घरात आला नाही. ज्यांनी आधी सरहद्द ओलांडली, त्यांच्या माड्या गावाच्या मध्यावर उभ्या राहिल्या. पूर्वी ज्या पदपथावरून रुनाला खाली उतरायला लावायचे, त्याच रस्त्यावरच्या इमारती रुनांनी विकत घेतल्या. छान झाले. पण वरच्या उतारावर, जिथे माग पोहोचला नाही, तिथला रुना आजही पावसावरच्या मक्याच्या तुकड्यावर आहे. त्याची पोरे कीटोत गवंड्याच्या हाताखाली जातात. पोरी कायांबेच्या बाजूला, जुन्या हासिएंदांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या गुलाबांच्या काचघरांत फुले खुडतात. ते गुलाब विमानाने अमेरिकेत जातात. शिवाय गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याचे काम नगावर घरी घेऊन विणणारे गरीब विणकर आहेतच. व्यापारी किच्वा, विणणारा किच्वा, दोघेही इंती रायमीला एकाच फेरात नाचणार, आणि सोमवारी नगाचा दर ठरवायला एक जण खुर्चीत आणि दुसरा उभा. आपल्याकडे जिनिंगवाला आपल्याच जातीचा आणि गावचा असला म्हणून काटा कधी आपल्या बाजूने झुकला आहे का?

भाषेचेही तसेच. बोगोटात किंवा युरोपात वाढलेली नातवंडे स्पॅनिश बोलतात. वेणी आहे, किच्वा नाही. वेष टिकवणे सोपे असते, बोलीला घरात दोन पिढ्या एकत्र लागतात. २००० साली इक्वेडोरने स्वतःचे चलन टाकून अमेरिकी डॉलर घेतला. माल महाग झाला आणि शेजारच्या पेरूचा स्वस्त माल खुद्द पोंचोंच्या चौकात येऊन बसला. २०२० च्या साथीत चौक ओस पडला.

म्हणून आम्ही बाजाराची आरती गात नाही. बाजार हा रस्ता आहे. त्यावर चालायला बंदी नसावी, एवढीच आमची मागणी असते. कोण किती पुढे जाईल हे रस्ता ठरवत नाही. आणि ज्याच्या पायात काटा आहे त्याचा काटा रस्ता काढत नाही.

रस्ता आणि डिझेल

ज्यांच्या वाट्याला व्यापार आला नाही त्यांनी दुसरे हत्यार उचलले. जून १९९० मध्ये इक्वेडोरच्या डोंगरी भागातल्या रुनांनी रस्ते अडवले. बाजारात माल नेला नाही. शहरांना पहिल्यांदा कळले की बटाटा कुठून येतो. जमिनीचे तंटे, भाषेतले शिक्षण, देशाच्या घटनेत जागा, अशा मागण्या होत्या. त्या चळवळीतून ओतावालो-कोताकाचीच्या मुलखातून मोठी माणसे निघाली. नीना पाकारी या वकील बाई १९९८ साली संसदेत गेल्या आणि २००३ साली परराष्ट्रमंत्री झाल्या. नीना म्हणजे विस्तव, पाकारी म्हणजे पहाट. जन्माचे स्पॅनिश नाव टाकून त्यांनी हे घेतले. २००० साली ओतावालोला मारिओ कोनेहो हे पहिले किच्वा नगराध्यक्ष मिळाले. ज्या गावात टोपी हिसकावून रस्ता झाडायला लावायचे, त्या गावचा कारभार वेणीवाल्याच्या हातात आला.

आता अलीकडचे, आणि आम्हाला अडचणीत टाकणारे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी इक्वेडोरच्या सरकारने डिझेलवरची सवलत काढली. गॅलनचा भाव १.८० डॉलरवरून एका रात्रीत २.८० डॉलर झाला. २२ सप्टेंबरपासून रुनांच्या संघटनेने देशव्यापी बंद पुकारला. त्याचा सगळ्यात तिखट जोर इंबाबुरा प्रांतात, म्हणजे ओतावालोच्या भोवतीच होता. अंगावर लष्कर आले. सप्टेंबरच्या अखेरीस शेजारच्या कोताकाचीत एक किच्वा ग्रामस्थ गोळी लागून मेला. गोळी लष्कराची होती, असा संघटनेचा आरोप आहे. महिनाभर रस्ते बंद होते.

सरकारी सवलतीच्या जिवावर शेती उभी राहत नाही, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. सवलत ही एका हाताने काढून घेतलेल्यातले चिमूटभर दुसऱ्या हाताने परत करण्याची चाल असते. मग आम्ही कोणाच्या बाजूचे? सरकारच्या? बिलकूल नाही. ज्याचा माल कधीच त्याच्या भावाने विकला गेला नाही, त्याची सवलत आधी काढायची आणि त्याला मोकळा करण्याचे नाव नंतरही घ्यायचे नाही, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. डोंगरावरून मका, बटाटा खाली आणणारी गाडी डिझेलवर चालते. भाडे वाढले की ते शहरातल्या गिऱ्हाइकाच्या माथ्यावर बसत नाही, माल पिकवणाऱ्याच्या भावातून कापले जाते. हे आपण कापसाच्या गाडीमागे उभे राहून शिकलो आहोत.

पण दुसरी बाजूही मनात आणा. ज्याचे दुकान पोंचोंच्या चौकात आहे त्याला रस्ता मोकळा हवा, नाहीतर गिऱ्हाईक येत नाही, कर्जाचा हप्ता चुकतो. ज्याचे शेत उतारावर आहे त्याला रस्ता अडवण्याखेरीज हत्यार नाही. दोघे एकाच रक्ताचे. एकाने शंभर वर्षे रस्ता चालून स्वातंत्र्य मिळवले, दुसरा रस्ता अडवून ते मागतो आहे. आपल्या संघटनेत रास्ता रोकोच्या दिवशी ट्रकवाला भाऊ आणि कास्तकार भाऊ समोरासमोर आले, असे प्रसंग तुमच्यातल्या अनेकांनी पाहिले असतील. कोण चूक, हे आम्ही त्या दिवशी सांगू शकलो नव्हतो.

२२ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद मागे घेतला गेला. डिझेलचा भाव २.८० डॉलरच राहिला. रस्ते उघडले, चौकात पोंचो पुन्हा टांगले गेले. डोंगरउतारावर पावसाळा सुरू होण्याचे आणि मक्याच्या पेरणीचे ते दिवस होते.